जेलर निवडायचा मंगळवार

सिकॅमोर खोरं, केंटकी. रविवार, १९ एप्रिल १९९८

हार्लिस,

आज भेटीचा दहावा रविवार. तुरुंगाच्या बाकावर अर्धा तास बसले. झेला आत जाऊन आली आणि नेहमीसारखी मान हलवून म्हणाली, "नाही म्हणतोय, डेल्फिया. भिंतीकडे तोंड करून पडलाय." तू खरंच तसा पडतोस की जेलरची बायको म्हणून ती तसं सांगते, हे कळायला मला काही मार्ग नाही. झेला, हे पत्र तू आधी वाचणार, म्हणून तुझ्या तोंडावरच लिहिते. राग मानू नकोस. आत जाणारं प्रत्येक पाकीट तू उघडतेस हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि आपण दोघी तीस वर्षं चर्चमध्ये एकाच बाकावर बसतो.

हार्लिस, तुला पकडून दिलं ते मीच. बापाची बंदूक मांडीवर घेऊन तू ओसरीवर बसला होतास, त्या नशेच्या गोळ्यांनी डोळे तारवटलेले, आणि दुसऱ्याच्या ट्रकची किल्ली तुझ्या खिशात. मी फोन उचलून शेरीफला कळवलं. तीन वर्षं होतील आणि तीही आपल्याच जिल्ह्याच्या तुरुंगात काढावी लागतील हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी उचलला असता. हे एकदा लिहून टाकलं, आता किती दिवस राग धरायचा ते तू ठरव.

२६ मेला जेलर निवडायचा आहे. इथं सगळ्यांची नावं एकाच पक्षात, त्यामुळे पक्षाच्या या निवडणुकीत जो जिंकला तो जेलर झाला. नोव्हेंबरात नुसता सोपस्कार उरतो. एकीकडे ऑर्बिन नोबल, झेलाचा नवरा, आताचा जेलर. दुसरीकडे एस्टिल कॉडिल, शेरीफच्या हाताखालचा पोलीस, ज्यानं तुला बेड्या घालून नेलं. दोघंही ओसरीवर येऊन गेले. ऑर्बिननं माशा मारायची जाळी दिली, तिच्यावर त्याचं नाव. एस्टिलनं नखं घासायची पट्टी दिली, तिच्यावर त्याचं. माशा पुष्कळ झाल्यात आणि नखं घासायला मला सवड नाही. पण तेवढ्यावरून मत देता येत नाही.

खोऱ्यातली एकतीस मतं माझ्या तोंडाकडे बघत बसलीयत. तुझा बाप होता तोवर घरटी एकेक चिठ्ठी तो लिहायचा, कुणाला मत द्यायचं त्याची. आता ते माझ्याकडे आलं. बर्लकाका रोज कुंपणापाशी येऊन विचारतो, "वहिनी, ठरलं का?" मी म्हणते, घेवडा लावून होऊ दे. घेवडा लावून आठवडा झाला.

खरं सांगायचं तर माझं ठरत नाहीये. जो निवडून येईल त्याच्या हाती तू असणार. दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत मी इतकी अडकले नव्हते.

तुझी आई

रविवार, ३ मे

हार्लिस,

आज ऑर्बिन पुन्हा आला. टोपी काढून पायरीवर बसला, तुझ्या बापाबरोबर खाणीत होता तेव्हा बसायचा तसाच. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे. पोराचं मनगट मोडलंय. डावं. वाकडं बसलंय."

मी हातातली परात खाली ठेवली.

"एस्टिलनं पिरगाळलं, बेड्या घालताना," तो म्हणाला. "आता सांगा, असल्या माणसाच्या हाती किल्ल्या द्यायच्या? माझ्याकडे पोरगं मोकळ्या हवेत असतं. गवत कापतं, गाड्या धुतं. झेला घरच्यासारखं रांधून घालते. एस्टिल आला की दार बंद. ना बाहेरची हवा, ना घरचा डबा."

मी म्हटलं, "मग रविवारी पोराला भेटीच्या खिडकीपाशी घेऊन ये. मला हात बघायचाय."

"जबरदस्तीनं कसा आणू? निवडणूक होऊन जाऊ दे, मग बघू काहीतरी."

बघू काहीतरी म्हणे. गाईचा सौदा करत असल्यासारखा बोलत होता.

तो गेल्यावर मीच गाडी काढून एस्टिलच्या घरी गेले. तो अंगणात फळ्या रंगवत होता. मी विचारलं, "माझ्या पोराचा हात तू मोडलास?"

त्यानं ब्रश डब्यात ठेवला. "नाही, काकू. मी तुरुंगात सोडला तेव्हा दोन्ही हात धड होते. तसं लिहून तुरुंगातल्यांची सही घेतलीय मी."

"मग कुठं मोडला?"

"ज्याच्याकडे किल्ल्या आहेत त्याला विचारा."

"आणि तू जेलर झालास तर?"

"दर आठवड्याला डॉक्टर येईल. कोण पडला, कोण आजारी, सगळं लिहिलं जाईल. पण लाड व्हायचे नाहीत. हार्लिसला गवत कापायला बाहेर काढणार नाही, डबाही घेणार नाही. मतासाठी खोटं कशाला बोलू?"

हा मनुष्य गोड बोलायला शिकलाच नाही. त्याच्या आईलाही ते जमत नसे. परत येताना मला दोघांचाही सारखाच राग आला होता. तुझ्याबद्दल मला जे काही कळतं ते या दोघांच्या तोंडून, आणि दोघांनाही माझं मत हवंय. म्हणून तुलाच विचारते. मनगट कुणी मोडलं? एका ओळीत लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण लिही.

आई

मंगळवार, १२ मे

हार्लिस,

मागचं पत्र परत आलं. पाकीट फोडलेलं, वर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं, तुरुंगाच्या कारभाराविषयी लिहू नये. अक्षर ओळखीचं आहे. ठीक आहे, झेला, नाही लिहीत.

हवा छान आहे. बटाटे वर आलेत. म्हातारी कुत्री अजून तुझ्या खाटेखाली झोपते.

काल दोन माणसं येऊन आपल्या टपालपेटीजवळ ऑर्बिनच्या नावाची पाटी ठोकून गेली. मला विचारलं नाही. मी ती काढली नाही. खोऱ्यातले लोक पाटी बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मी घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत राहते. शनिवारी टपाल कचेरीत ऑर्बिन भेटला. प्रेमानं चौकशी केली. म्हणाला, "निकाल काही लागो, वहिनी, वर्ष संपेपर्यंत किल्ल्या माझ्याकडेच आहेत. हार्लिसची काळजी करू नका." हसतच म्हणाला. मीही हसले. घरी आल्यावर दाराला कडी लावली, मग उठून पुन्हा बघितलं, लावली का.

वय झालं असेल. जेवत जा.

आई

सोमवार, २५ मे

हे पत्र टपालात पडणार नाही. पिठाच्या डब्यात तळाशी राहील. घरी येशील तेव्हा वाच.

आज आपल्या टेकडीवर थडग्यांना फुलं वाहायचा दिवस. सकाळी वर चढले तर गवत आधीच कापलेलं. ऑर्बिननं कैद्यांची टोळी पाठवली होती. निवडणूक असली की त्याला आमच्या मेलेल्यांची आठवण होते. ऑर्बिन फाटकाच्या या बाजूला उभा, एस्टिल त्या बाजूला, आणि येणारा प्रत्येक माणूस हातात फुलं घेऊन दोघांशी हात मिळवत आत जात होता. मी हात मिळवून वर पाहिलं तर तुझ्या बापाच्या थडग्यापाशी कैद्यांच्या नारिंगी कपड्यांत तू.

तीन महिन्यांनी पाहिलं मी तुला. किती वाळलास रे. मला तिथंच खाली बसावंसं वाटलं, पण फाटकातून सगळे बघत होते. मी घरून आणलेल्या डब्यांतून थाळी वाढली, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक. पहाऱ्यावरच्या माणसानं ऑर्बिनकडे पाहिलं, ऑर्बिननं मान डोलावली, आणि मी तुझ्यापर्यंत आले. पुढे काय बोललो ते तुला माहीत आहे. तरी मी लिहून ठेवते, कारण उद्या मी जे करणार आहे त्याचं कारण त्यात आहे.

"खा," मी म्हटलं.

"भूक नाही."

"मग हातात तरी धर."

तू उजव्या हातानं धरलीस. तू जन्माचा डावखुरा. डावा हात बाहीत लपवायला गेलास पण मला दिसला, मनगटापाशी आत वळलेला.

"एस्टिलनं केलं?"

तू फाटकाकडे पाहिलंस. "नाही. आत मोडला. फेब्रुवारीत."

"कुणी?"

"मारामारी झाली, मोडला. ते जाऊ दे. नऊ दिवस डॉक्टर नाही बोलावला त्यांनी. गुरासारखा ओरडत होतो."

"आणि मी रविवारी येते तर बाहेर येत नाहीस."

"पहिले दोन रविवार नाही आलो. नंतर कुणी विचारलंच नाही." मग तू आवाज अगदी खाली आणलास. "आई, ऑर्बिनला मत दे. खोऱ्याला पण सांग."

"त्यानं तुला सडत ठेवलं आणि मी त्याला मत देऊ?"

"एस्टिल हरला तर एस्टिल घरी जाईल. ऑर्बिन हरला तर ऑर्बिन माझ्याजवळ राहील. नवा जेलर जानेवारीत येतो. सात महिने. तुझं मत कुठं गेलं हे त्याला कळल्याशिवाय राहील का?" पहारेकरी जवळ यायला लागला तसा तू थाळी माझ्या हातात परत दिलीस. "फोन तूच केलास. एकदा तरी माझ्या बाजूनं काही कर."

ते वाक्य छातीत घेऊन मी टेकडी उतरले. फार लागलं, हार्लिस. लपवत नाही.

मी दुपारभर ओसरीवर बसून विचार केला. तू सात महिने मोजतोस. मी तेहेतीस मोजते, कारण ऑर्बिन जिंकला तर तुझी सगळी शिक्षा त्याच्याच हाताखाली जाईल, आणि नऊ दिवस ओरडणारा पुढचा पोरगा कुणाचा असेल कोण जाणे. आणि तू म्हणतोस तेही खोटं नाही. हरलेला माणूस किल्ल्या घेऊन तुझ्या दाराशी उभा राहील. तिथं मी नसेन.

संध्याकाळी जेवणाची भांडी घासून झाल्यावर चिठ्ठ्या लिहिल्या. बियाण्यांच्या पाकिटांच्या पाठी वापरल्या, तुझा बाप वापरायचा तशा. बारा घरं. अकरा चिठ्ठ्यांवर एस्टिल. देताना प्रत्येक घरच्या बाईला बजावलं, वाचून चुलीत घाल आणि तोंड उघडू नकोस. बारावी बर्लकाकाची, तिच्यावर ऑर्बिन. बर्लच्या पोटात काही राहत नाही. उद्या सूर्य वर यायच्या आत तो ऑर्बिनला सांगेल की वहिनीची चिठ्ठी तुझ्या नावाची आहे. म्हणून तर त्याला ती दिली. सख्ख्या दिराला असं वापरलं, पण इलाज नव्हता.

तू सांगितलंस ते मी करणार नाही. पण केल्यासारखं दिसेल, एवढं करणार आहे.

मंगळवार, २६ मे

हेही डब्यातच.

सकाळी शाळेत गेले. मतदान तिथंच होतं. दाराशी ऑर्बिनचा भाऊ लॉवेल, येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा वाचत उभा. टेबलाशी ओमा रिची होती, यादी घेऊन. मी म्हटलं, "मला यंत्रावरची नावं दिसत नाहीत. आत मदतीला माणूस लागेल."

ओमानं चष्म्यावरून पाहिलं. "कमाल झाली, डेल्फियाकाकू. मागच्या आठवड्यात माझ्या लेकीच्या गोधडीला सुईत दोरा तुम्हीच ओवून दिलात. दिव्याशिवाय."

मागे रांग उभी होती. लॉवेल ऐकत होता.

"मागच्या आठवड्यात दिसत होतं," मी म्हटलं. "या वयात काय कधी जाईल सांगता येतं का?"

"शपथ घ्यावी लागेल, काकू."

"घेते."

उजवा हात वर करून, देवाला साक्षी ठेवून, मी सांगितलं की मला दिसत नाही. चौसष्ट वर्षांत मी कधी खोटी शपथ घेतली नव्हती. ओमानं विचारलं, सोबत कोण हवं? मी डोळे बारीक करून दाराकडे पाहिलं आणि म्हटलं, "तिथं लॉवेल उभा आहे ना? आवाजावरून वाटलं. तोच चालेल."

तो माझा कोपर धरून पडद्याआड आला. कॉफीचा वास येत होता त्याच्या तोंडाला. दोन्ही नावं मला चांगली ठळक दिसत होती, हार्लिस, वर कॉडिल, खाली नोबल. तो म्हणाला, "कुणाला, वहिनी?" मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं?" त्यानं माझं बोट नेऊन खालच्या खटक्यावर ठेवलं. दाबायचं मात्र मलाच होतं. मी दाबलं. ज्याच्या छपराखाली तुझा हात वाकडा बसला त्याला मी माझं मत दिलं. एकच होतं माझ्याकडे, ते असं गेलं.

"देव बरं करो तुमच्या डोळ्यांना," लॉवेल म्हणाला. मी त्याचा हात धरूनच पायऱ्या उतरले.

दिवेलागणीला रेडिओवर आकडे आले. एस्टिल एकोणीस मतांनी आला. अकरा घरांनी शब्द पाळला म्हणायचा. ओसरीवर बर्ल डोकं धरून बसला होता, "कसं झालं वहिनी हे, कसं झालं." मी त्याला केकचा तुकडा दिला. तू आत आहेस आणि तिथल्या किल्ल्या खिशात घेऊन एक हरलेला माणूस आता जेवायला बसला असेल, एवढंच डोक्यात होतं.

गुरुवार, २८ मे

हार्लिस,

हे टपालानं पाठवते. भिंग धरून लिहितेय, ओळी वाकड्या आल्या तर समजून घे. ऑर्बिन हरला, ते तुला कळलंच असेल. झेला, तुझ्यासाठी मला वाईट वाटलं, ते खरं आहे. माझं मत कुठं गेलं ते लॉवेलनं आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. चिठ्ठीचं बर्लला विचारा. खोऱ्यातली तरुण मंडळी आता म्हातारीचं ऐकत नाहीत, आणि त्याला मी काय करणार. पाटी अजून टपालपेटीजवळच आहे. काढायचं मन होत नाही.

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुवायचा दिवस आहे. झेला, नेहमीसारखी माझ्याशेजारी बस. मला हल्ली पायरी दिसत नाही, सांभाळून न्यावं लागेल.

हार्लिस, माझ्या हातून जे झालं ते केलं. रात्रीची झोप येत नाही एवढंच. काही हवं असेल तर कळव.

आई

शनिवार, १३ जून

हार्लिस,

तुझं पत्र काल आलं. पाकीट फोडलेलं होतं पण आतलं काही खोडलेलं नव्हतं. भिंगाखाली अक्षर बघून आधी वाटलं कुणा पहिलीतल्या मुलाचं आहे. मग लक्षात आलं, तू उजव्या हातानं लिहिलंयस. सात ओळींना किती वेळ लागला असेल तुला. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय, तरी इथं पुन्हा उतरवते. तसं करताना बरं वाटतं.

"आई, लॉवेल सगळ्यांना सांगत होता की तुला दिसेनासं झालंय आणि त्यानं तुला हात धरून मत द्यायला नेलं. मला नवल वाटलं. मी आत आलो तेव्हा तू दिव्याशिवाय दोरा ओवत होतीस. ऑर्बिन म्हणतो, तुझी आई भली बाई आहे. गवत कापणं बंद झालंय, बाकी ठीक. डोळ्यांची हेळसांड करू नकोस. जानेवारीपर्यंत दम धर, मग चांगल्या ठिकाणी दाखव. तोवर आहे तसंच राहू दे. रविवारी येतो खिडकीपाशी. हार्लिस."

मी ते पत्र घेऊन परसात गेले आणि कोंबड्यांपुढे मनसोक्त रडले.

मागच्या रविवारी झेलानं माझे पाय धुतले आणि मी तिचे. तिचे हात ऊबदार होते. ती रडली, मीही रडले, आणि दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही. झेला, तुझ्यावर माझा राग आहे आणि मायाही आहे. दोन्ही खरं आहे.

डोळ्यांचं तू म्हणतोस तेच करते. आहेत तसेच राहू देते, जानेवारीपर्यंत. उद्या दोन वाजता येते. झेला, मला दारापासून हात धरून ने. आणि हार्लिस, काचेपलीकडे तू कुठं बसलायस ते मला काही दिसायचं नाही, तेव्हा आधी तूच बोल.

तुझी आई